खुब्याचे हाड मोडते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे विषय बहुधा सणावाराचा, मुलांच्या संगोपनाचा नाहीतर एखाद्या संतस्त्रीचा असावयाचा. आणि जनाबाईचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तेथे ते शोभूनही दिसते. यंदा चिटणीसबाईंनी मला मोडलेल्या हाडांवर बोलावयास सांगितले. अस्थिव्यंगोपचाराच्या वॉर्डात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते, म्हणून ही आज्ञा झाली असावी. विषय रुक्ष खरा. परंतु आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी एखादी वृद्ध सासू, आई किंवा आत्या आहे, आणि आपण सगळ्याच त्या वाटेला लागलेल्या आहोत. ती घरात पडली म्हणजे पहिल्या दोन दिवसांत काय करावयाचे हे प्रत्यक्षात घरातल्या बायकाच ठरवितात, निदान त्यांनी ठरवावयास हवे. म्हणून मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या दोन दिवसांविषयी आणि नंतरच्या तीन महिन्यांविषयी.

आधी हे हाड कोणते ते सांगते. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड. त्याच्या वरच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा एक गुळगुळीत गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. मुलांच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हणतात. हा गोळा आणि खालचा दांडा यांना जोडणारी तिरपी मान असते. ‘म्हातारीचा खुबा मोडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकतर ही मान मोडलेली असते, नाहीतर मानेच्या खालचा, कुशीवर निजल्यावर अंथरुणाला टेकतो तो उंचवट्याचा भाग मोडलेला असतो. दोन्ही जागा एकमेकींपासून दोनचार बोटांवर आहेत, पण त्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. गोळ्याला रक्त मिळते ते बहुतांशी मानेवरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडून सरकली की त्या तुटतात. देठ तुटलेला दोडका वेलीला कितीही नीट बांधून ठेवला तरी तो वाळायचाच. तसेच येथे होते. हाड सांधत नाही, किंवा सांधले तरी पुढे गोळा आतून मरतो आणि ढासळतो. म्हणून वृद्धांत तो गोळाच काढून धातूचा बसवितात. आपल्याकडे त्याला ‘बॉल बदलला’ म्हणतात. उंचवट्याच्या भागाला मात्र रक्त भरपूर असते, तेथे हाड सांधते. ते सांधेपर्यंत जागेवर धरून ठेवण्यासाठी आत सळई व स्क्रू घालतात. हा झाला ‘रॉड टाकला’. तरुण माणसाची मान मोडली तर मात्र त्याचा स्वतःचा गोळा वाचविण्यासाठी शस्त्रवैद्य लगबगीने स्क्रू घालून पाहतात.

हे मोडलेले ओळखावे कसे? म्हातारी पडली, उठता येत नाही, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेले आहे, एवढे दिसले की हाड मोडले असे समजून चालावे. परंतु कधीकधी नुसती चीर पडते, हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि बाई दोन दिवस लंगडत घरात वावरतेसुद्धा. जांघेत दुखते म्हणायचा संकोच, म्हणून ती गुडघा दुखतो म्हणते. मग गुडघ्याला तेल चोळले जाते आणि तिसऱ्या दिवशी ती चीर सरकते. पडल्यानंतर जांघेत किंवा गुडघ्यात दुखत असेल आणि पाय टेकवत नसेल तर खुब्याचा एक्स-रे काढलाच पाहिजे. त्यात काही दिसले नाही आणि दुखणे तसेच राहिले तर पुन्हा दाखवावे.

पाय ओढू नये, चोळू नये, ‘बघू, उभी राहतेस का’ म्हणून उभे करू नये. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीने पाय एकमेकांना सैलसर बांधावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जीपच्या मागच्या बाकावर मुटकुळे करून नेणे म्हणजे त्या बाईला वाटभर छळणे आहे. रोजच्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्यावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते न विचारता सांगावे.

हाडवैद्यांविषयी मी तुच्छतेने बोलणार नाही. मनगट, खांदा यांवर पिढीजात हात बसलेली माणसे आपल्या भागात होती आणि आहेत. परंतु खुब्याभोवती मांसाचा एवढा जाड थर असतो की बाहेरून बांबूच्या कामट्या बांधून आतले हाड धरलेच जात नाही. कामट्यांनी एकच होते, बाई हलू शकत नाही. आणि या दुखण्यात न हलणे हेच घातक आहे.

आता मुख्य गोष्टीला येते. घरात हमखास निघणारे वाक्य असे: “आता वय झालं, कापाकाप कशाला? पडू द्या बाजेवर, आपण सेवा करू.” हे प्रेमानेच म्हटले जाते. पैशाची चणचण असते, तीही खोटी नसते. परंतु त्या ‘पडू द्या’चा अर्थ वॉर्डात मी पाहिला आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फाटते, आणि तेथे हात जाईल एवढी जखम होते. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जाते. शिवाय आणखी एक, जे पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. लघवीला भांडे द्यावे लागते याची लाज वाटून म्हातारी पाणीच पिणे सोडते. मागत नाही, दिले तर ओठ ओले करून ठेवते. मग लघवीत जंतू होतात, ताप येतो, बरळू लागते. मोडलेल्या हाडाने बाई मरत नाही, बाजेने मरते.

एका आजीला घरच्यांनी बाराव्या दिवशी आणले होते. गंगाखेड तालुक्यातल्या त्या. पाठीला जखम झालेली, अंगात ताप. मुलगे दोन्ही चांगले होते, रडत होते. जखम भरून ताप उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येईना आणि शस्त्रक्रिया झाल्याशिवाय कूस बदलता येईना, म्हणून जखम भरेना. त्या गेल्या. त्याच सुमारास दुसऱ्या एक ऐंशीच्या पुढच्या आजी दुसऱ्याच दिवशी आलेल्या. त्यांच्या उशाशी नातेवाइकांची चर्चा चालली होती. करावे की नाही, किती वर्षे राहिली आता, शेतीचा हंगाम तोंडावर. आजी ऐकत होत्या. मी सलाईन लावत असताना त्या मला म्हणाल्या, “बाई, मला लय चालायचं न्हाई. माझी मी संडासाला गेले पाह्यजे, एवढं करायला सांग त्यास्नी.” ते मी डॉक्टरांना त्यांच्याच शब्दांत सांगितले. रॉड टाकला, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. मोठमोठ्या ग्रंथांत शस्त्रक्रियेच्या यशाची मोजमापे असतात, एक्स-रेतले कोन असतात. पण या आजींनी सांगितलेल्या मापाहून चांगले माप मला आजवर सापडलेले नाही. ज्या बाईचे हाड मोडले तिला कुणी विचारीत नाही, हे मात्र मी शेकडो वेळा पाहिले.

वयाचेच म्हणाल, तर इंग्लंडच्या राजमातेचा एक खुबा १९९५ साली पंचाण्णवाव्या वर्षी बदलला. पुढे जानेवारी १९९८ मध्ये त्या पडल्या आणि दुसरा मोडला, तोही सत्त्याण्णवाव्या वर्षी बदलला. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या. राजवाड्यातले वैद्य आणि आपले सिव्हिल हॉस्पिटल यांत अंतर आहे, हे मलाही कळते. तरी वय हे एकटे कारण होऊ शकत नाही, एवढे त्यावरून घ्यावे. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करता येते, पूर्ण भूल द्यावी लागतेच असे नाही.

किती घाई करावी? इंग्लंडातील सरकारी नियम सांगतो की दाखल केल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सतरा देशांतील २,९७० रुग्ण होते, आणि भारतातलेही होते. निदानानंतर सुमारे सहा तासांत केलेली शस्त्रक्रिया आणि सुमारे चोवीस तासांत केलेली शस्त्रक्रिया यांची त्यात तुलना केली. मृत्यूंत फरक पडला नाही. पण लवकर केलेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे चारसहा तासांसाठी डॉक्टरांशी भांडू नये, हृदय-साखर-रक्त तपासू द्यावे. परंतु चारसहा दिवस घालवू नयेत. ‘अमावास्या होऊन जाऊ द्या’ हेही मी ऐकलेले आहे.

शस्त्रक्रिया केली म्हणजे सारे क्षेमकुशल, असे मात्र मी सांगणार नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींत असे दिसत आले आहे की, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी शंभरांत वीस ते तीस जण वर्षभरात जातात, आणि त्यांत शस्त्रक्रिया झालेलेही असतात. त्यांचे हृदय, मूत्रपिंड, छाती आधीच थकलेली असते. पडणे हे पुष्कळदा त्या थकव्याचेच फळ असते. जी जगतात त्यांतील कित्येकांना पूर्वीसारखे काठीवाचून चालता येत नाही. हे आधी माहीत असलेले बरे. म्हणजे डॉक्टरांनी फसविले असे वाटत नाही आणि कुणी ‘शंभर टक्के गॅरंटी’ देऊ लागला तर सावधही होता येते.

या शस्त्रक्रिया आल्या कोठून, ते थोडे सांगते. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही आपल्याकडची म्हण तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. तर मांडीच्या हाडात जी सळई घालतात ती खरोखरच जर्मनीची. कील शहराच्या गेरहार्ड क्युन्चर यांनी ती १९३९ साली प्रथम वापरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले कैदी सुटून परत गेले, तेव्हा त्यांच्या मांडीत ही लांब सळई पाहून अमेरिकेचे डॉक्टर चक्रावले होते. आज जिंतूर रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेल्या पोराच्या मांडीत जी जाते ती तिचीच नात समजा.

गोळा बदलण्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. ब्रह्मदेशात मंडालेला डॉ. सान बॉ यांनी १९६० साली एका त्र्याऐंशी वर्षांच्या बौद्ध भिक्षुणीला हस्तिदंताचा गोळा घडवून बसविला आणि पुढे असे शेकडो बसविले. इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्नली यांनी गोळा आणि वाटी दोन्ही बदलण्याची रीत बसविली, तीच आजची ‘पूर्ण सांधा बदलणे’. पण त्यांनी आरंभी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले होते, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते ते. दोनतीन वर्षांत सुमारे तीनशे रुग्णांच्या वाट्या झिजल्या आणि त्या चुऱ्याने सभोवतालचे हाड खाल्ले गेले. चार्नलींनी तो चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन पाहिला, ते सांधे पुन्हा काढून दुरुस्त केले, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून दुसऱ्या जातीचे टणक प्लास्टिक वापरावयास घेतले. तेच सुधारून आजही वापरतात. शस्त्रक्रियेच्या खोलीतील हवा गाळून घेतली तर जखम कमी पिकते हेही त्यांनीच दाखविले. नवी वस्तू निघाली की ती चांगलीच असते असे नव्हे, ही गोष्ट या धंद्याने पहिल्याच पिढीत शिकली होती.

शिकली होती म्हणते खरी, पण पुढच्या पिढीत विसरली. एएसआर नावाचा सांधा निघाला होता, गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचा चुरा रक्तात उतरू लागला, भोवतालचे मांस सडू लागले, सांधे पुन्हा काढावे लागले. ऑस्ट्रेलियात प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंदवही ठेवतात; त्या वहीत हे लवकर दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो सांधा परत बोलाविला. तोपर्यंत भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसविला गेला होता. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण प्रथम धसास लावले व मुंबईत पोलिसांपर्यंत नेले. केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल २०१८ साली बाहेर आला आणि नुकसानभरपाई ठरली, तीस लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. पण ती द्यायची कुणाला? चार हजार सातशेंपैकी जेमतेम हजारभर शस्त्रक्रियांच्याच माणसांचा माग लागला. बाकीच्यांच्या अंगात तो सांधा आहे आणि त्यांना किंवा त्यांच्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही.

यातून आपल्यापुरते घेण्याजोगे असे की, सांधा किंवा रॉड ज्या खोक्यातून येतो त्यावर कंपनीचे नाव व क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत रुग्णालयाच्या कागदात लावतात. ती घरच्या फाइलीतही मागून घ्यावी, आणि फाइल लग्नपत्रिका, वीजबिले यांच्या पिशवीत न टाकता शिधापत्रिका ठेवतो तेथे ठेवावी. पुढे वीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ती लागेल.

अर्धा सांधा बदलावा की पूर्ण, हा प्रश्न आता परभणी-नांदेडच्या खासगी दवाखान्यांतही विचारला जातो. अर्ध्यात फक्त गोळा बदलतात, पूर्णात वाटीही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा देशांतील सुमारे पंधराशे रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच, शंभरात आठ, निघाले. पूर्ण सांध्याने चालणे किंचित बरे, पण तो निसटण्याचा धोका अधिक. तेव्हा संधिवाताने वाटी मुळातच झिजलेली असेल, बाई हिंडतीफिरती असेल तर पूर्ण सांध्याला अर्थ आहे. अंगणापलीकडे न जाणाऱ्या वृद्धेला अर्धा पुष्कळ झाला. ‘भारीतला भारी टाका’ असे म्हणणारे चिरंजीव मी पाहिले आहेत; त्यांच्या मातृभक्तीबद्दल आदर आहे, पण दागिना निवडावा तसा सांधा निवडू नये. संधिवातासाठी, न मोडता, ठरवून बदललेले पूर्ण सांधे मात्र फार टिकतात. शंभरांतले अठ्ठावन्न पंचवीस वर्षे चालतात असा हिशेब २०१९ साली निघाला आहे.

खर्चाविषयी एवढेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यांतील काही शस्त्रक्रिया बसतात. कोणती, कोणत्या रुग्णालयात, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, नांदेडला आणि अंबाजोगाईला पूर्वीपासून आहे.

आता घरी आणल्यावरचे. येथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण हे डॉक्टर घाईत सांगतात.

पहिले म्हणजे भ्रम. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारी माणसे असंबद्ध बोलतात, सलाईन उपटतात, गेलेल्या नवऱ्याला हाका मारतात. लगेच कुणीतरी ‘बाहेरचं झालं’ म्हणते आणि लिंबू-अंगारा निघतो. हे शरीराचेच दुखणे आहे, जंतू, पाणी कमी पडणे, वेदना, झोपेचा अभाव यांनी होते, आणि बहुतेकांचे उतरते. डॉक्टरांना सांगावे. चष्मा, कानाचे यंत्र, दातांची कवळी लगेच परत द्यावी; ओळखीचे माणूस जवळ बसवावे; दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार आणि शांतता. वाद घालू नये.

दुसरे, जखम. टाके काढल्यावरही पाणी येत असेल, लाली पसरत असेल, ताप येत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. आत धातू आहे. त्यावर जंतू बसले तर नुसत्या गोळ्यांनी हटत नाहीत, पुन्हा उघडावे लागते. हळद, शेण, राख काही लावू नये. साखर असेल तर ती काबूत हवीच. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर ती रक्ताची गाठ समजून धावावे. गाठ होऊ नये म्हणून पोटात सुया देतात, त्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधेच बंद करू नयेत. पावले वरखाली हलविण्याचा व्यायाम निजल्यानिजल्या करता येतो. तो नातवंडांकडून मोजून घ्यावा, म्हणजे दोघांचाही वेळ जातो.

तिसरे, सांधा निसटणे. आपले सारे आयुष्य जमिनीशी जोडलेले. पाटावर जेवायचे, विळीपुढे बसायचे, मांडी घालून पूजा, उकिडवे बसून न्हाणे. नवा गोळा बसविल्यावर गुडघा कमरेच्या वर गेला, पायावर पाय आला, पाऊल आत वळले, की तो वाटीतून निसटू शकतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून उंच खुर्ची, उंच पलंग, कमोडची खुर्ची, कुशीवर निजताना दोन्ही मांड्यांत उशी. पुढे किती सवलत घ्यायची ते कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया केली त्यावर आहे, डॉक्टरांनाच विचारावे. रॉडवाल्यांना निसटण्याचे भय नाही. त्यांचे भय असे की ठिसूळ हाडात स्क्रू सरकून वर फाडत येतो. एकाएकी दुखणे वाढले, पाय आखूड झाला, तर एक्स-रे काढावा. थोडा फरक पायांच्या लांबीत राहतो, तो चपलेच्या तळाला जाडी देऊन भरून निघतो.

सुनेने सासूबाईंना जमिनीवरच्या देवघरापासून तोडले, असे शेजारणी म्हणतील. देवघर दोन विटा उंच करावे, झाले.

आणि एक राहते, जे आपल्याकडे शंभरांत नव्वद घरी राहून जाते असे मला वाटते. एक खुबा मोडला म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत याची ती पावती असते; दुसरा मोडू नये म्हणून औषध हवे. २००७ साली एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा शिरेतून दिलेल्या झोलेड्रॉनिक ॲसिड या औषधाने नवी हाडे मोडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश घटले आणि मृत्यूही घटले. मूत्रपिंड तपासून आणि ‘ड’ जीवनसत्त्व भरून काढून मगच ते देतात. परभणीच्या उन्हात राहून ‘ड’ कमी कसे, असे विचाराल. ऊन अंगणात असते आणि आपण माजघरात. डॉक्टरांनी हाड जोडून घरी पाठविले की त्यांना विचारावे, “हाडं घट्ट व्हायचं औषध काय?”

पडूच नये म्हणूनही करण्यासारखे आहे. न्हाणीतली शहाबादी फरशी ओली असली की साबणाने घसरते. तेथे भिंतीला धरायला कडी आणि खाली खरबरीत पट्टी हवी. रात्रीचा दिवा, मोतीबिंदूचे वेळीच ऑपरेशन, झिजलेली रबरी चप्पल फेकणे, रक्तदाबाच्या गोळीनंतर एकदम न उठणे. हे सारे ठाऊक असलेलेच आहे.

बोलणे पुरे करते. मी बरोबर एक वॉकर आणला आहे. तो उचलून पुढे ठेवायचा, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, या क्रमाने चालायचे असते; पुष्कळ जणी वॉकर आणि पाय एकदमच टाकतात आणि तोल जातो. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. दोघीतिघींनी पुढे यावे, येथेच करून पाहू. आणि ज्यांच्या घरी आता कुणी पडून आहे त्यांनी आधी यावे.